चोवीस तासांचा पट्टा

मामा कुठल्याही काट्यावर आधी टिचकी मारत आणि मगच तो वाचत. कँटीनमधला वजनकाटा असो की गेटवरचं घड्याळ, मधल्या बोटाचं पेर वाकवून काचेवर दोनदा टकटक. अडकलेला काटा टिचकीने सुटतो आणि खरं बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बी.पी.च्या यंत्रावर त्यांनी पहिल्यांदा टिचकी मारली तेव्हा मी त्यांचा हातच धरला.

"मामा, काच आहे ती! आत पारा आहे. फुटली तर डॉक्टर मला फोडतील."

"ह्याला शेवटचं टेस्ट कधी केलंय?"

"टेस्ट म्हणजे?"

"आमच्या गेजला दर वर्साला टेस्ट करतात. चिठ्ठी चिकटवतात. ह्याच्यावर चिठ्ठी कुठाय?"

चिठ्ठी नव्हती. अख्ख्या कंपनीचं बी.पी. मी त्या यंत्रावर बघत आले होते आणि हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. मलाही तो पडला नव्हता. मी म्हटलं, "हात पुढे करा, उशीर होतोय."

ठाण्याला बाळकुमच्या पुढे कापडाचे रंग बनवणारी एक कंपनी होती. तिच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं नर्स होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक खाट, एक कपाट आणि मंगळवारी-शुक्रवारी दुपारी तासभर येणारे डॉक्टर. बाकीच्या वेळी मीच. भाजलेले, कापलेले, डोळ्यात काहीतरी उडालेले आणि सगळ्यात जास्त म्हणजे कामाचा कंटाळा आलेले, सगळे माझ्याकडे येत. मामा तेवढे येत नसत. ते बॉयलर हाऊसला होते; सगळी कंपनी त्यांना मामा म्हणे. वर्षातून एकदा तपासणीसाठी त्यांना यावंच लागे, तेव्हाही बदली माणूस बॉयलरसमोर उभा राहिलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच ते निघत.

बॉयलर मी आयुष्यात दोनदा जवळून पाहिला असेन. वाफेचा अवाढव्य लोखंडी डबा. सगळ्या कंपनीला वाफ तिथून जाई. आतलं प्रेशर जास्त चढलं तर धोका, पाणी कमी झालं तर त्याहून मोठा धोका, म्हणून त्याच्यासमोर सर्टिफिकेटवाला माणूस रात्रंदिवस लागतो. दर तासाला त्याने काटा बघायचा, काचेच्या नळीत पाणी किती आहे ते बघायचं, आकडे कागदावर लिहायचे आणि पुढे सही ठोकायची. एवढंच काम, पण ते चुकवायचं नाही. बाकीचे गडी खुर्चीत बसल्या बसल्या चार तासांचे आकडे एकदम लिहून मोकळे होत. मामा त्याला 'खुर्चीतलं रीडिंग' म्हणत आणि असं लिहिणाऱ्याशी दोन-दोन दिवस बोलत नसत. त्यांच्या स्वतःच्या पाळीत तिथे खुर्चीच नसे. ड्यूटीवर आले की ते पहिल्यांदा खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवत. डबासुद्धा उभ्याने खात, डावीकडे भाकरी, उजवीकडे कालवण, आणि नजर काट्यावर.

"बसलं की डोला लागतो," ते म्हणत. "आन् प्रेशर चढलेलं असताना डोला लावायचा नसतो."

अठ्ठावीस वर्षांत रात्रपाळीला मामांचा डोळा लागलेला कुणी पाहिला नव्हता. पाहावा म्हणून दोघा-तिघांनी पाळत ठेवली होती. त्यांचेच डोळे मिटले.

एकदा मात्र त्यांचं पोट बिघडलं. दुपारी दोनचं रीडिंग राहिलं. मदतनीस बॉयलरसमोर उभा होता, धोका काहीच नव्हता, पण आकडा लिहिला गेला नाही. मामा परत आले तेव्हा दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. दुसऱ्या कुणीही एकचाच आकडा दोनच्या रकान्यात उतरवला असता. मामांनी रकाना रिकामा सोडला आणि पुढे शेऱ्यात लिहिलं, 'संडासला गेलो होतो. बघितलं नाही.' खाली सही. महिन्याभराने सरकारी इन्स्पेक्टर येणार म्हणून मॅनेजरसाहेब कागद चाळायला बसले आणि त्यांना तो शेरा दिसला.

"मामा, हे काय लिहून ठेवलंय? इन्स्पेक्टरला दाखवू मी हे?"

"दाखवा ना सायेब. त्यालापन जावं लागत असंल."

"आकडा भरा आधी तिथे."

"दोन वाजता किती होतं ते तुमाला म्हायत हाय? मला नाय. मग भरू काय?"

साहेब तापले, मेमो देतो म्हणाले. मामांनी मेमो घेतला, सही केली, वेळ टाकली. पुढे इन्स्पेक्टर आला तेव्हा नेमकं तेच पान त्याच्या हाती लागलं, आणि तो इतका हसला की बाकीची पानं न बघताच सही करून गेला, असं गेटवरचे लोक सांगत. खरं-खोटं मला ठाऊक नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "बाकीची पानं बघायला पायजे होती त्यानं. कामच हाय त्याचं."

असा माणूस घरात कसा असेल, असा विचार माझ्या मनात येई आणि त्यांच्या बायकोची मला कीव वाटे. बाळकुम गावात त्यांचं घर होतं, कंपनीपासून चालत वीस मिनिटांवर. वडील मिठागरावर कामाला होते. मुलं लग्न होऊन आपापल्या जागी गेलेली. घरी दोघंच.

माझं घर डोंबिवलीत. पहाटे साडेपाचला कंपनीची बस निघे, शीळफाट्यावरून फिरून येई. साडेतीनला उठून मी दोन डबे करायची, सासूबाईंच्या दम्याच्या गोळ्या काढून ठेवायची, मुलीच्या वेण्या ती झोपेत असतानाच घालायची. बसमध्ये बसले की माझी मान पडे. ती वर्षं आठवायला लागले की मला दुसरं काही आठवत नाही, फक्त झोप आठवते. न मिळालेली.

मामांनी ते एकदा ओळखलं होतं. सासूबाईंना रात्रभर धाप होती आणि मी तशीच ड्यूटीवर आले होते. गेटवर मामा भेटले, रात्रपाळी संपवून निघाले होते. माझ्याकडे बघत थांबले.

"सिस्टर, काचेत पानी दिसत नाय तुमच्या. जरा बसून घ्या."

माणसांबद्दलही ते असंच बोलत. मॅनेजरसाहेबांचा सेफ्टी व्हॉल्व्ह खराब आहे म्हणत. युनियनच्या पुढाऱ्याकडे वाफ कमी, शिट्टी जास्त. मी तेव्हा हसले होते, पण दवाखान्यात जाऊन खरंच दहा मिनिटं बसले. घरीदारी इतकी माणसं, पण मला 'जरा बस' म्हणणारं त्या वर्षांत दुसरं कुणी भेटल्याचं आठवत नाही.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. वार्षिक तपासणीत मामांचं बी.पी. एकशे ऐंशीवर एकशे दहा निघालं. मी तीनदा घेतलं, तीनदा तेच. डॉक्टर नवीन होते, तरुण, ठाण्यात स्वतःचा दवाखाना टाकलेला. चेहऱ्याने बरे आणि बोलायला सरळ.

"गोळ्या सुरू करू," ते म्हणाले. "जेवणात मीठ कमी. सुकी मासळी, पापड, लोणचं बंद."

"डॉक्टर, माजा बाप मिठागरावर मेला. मी मिठातच वाढलोय. कमी कुटून करू?"

"आणि बॉयलरवर मी तुम्हाला आता फिट लिहू शकत नाही."

मामांनी शर्टाची बाही खाली केली. बटण लावलं. मग म्हणाले, "सिस्टरचं यंत्र टेस्ट केलेलं नाय. चिठ्ठी नाय त्याच्यावर."

मला त्यांचा राग आला आणि हसूही आलं. डॉक्टर म्हणाले, "यंत्र ठीक आहे, मामा. उद्या बॉयलरसमोर तुम्हाला चक्कर आली तर काय?"

"नाय येनार."

"आली तर?"

प्रश्न बरोबर होता आणि बरोबर प्रश्नाला मामा कधी उलट बोलत नसत. खाली बघत म्हणाले, "हतं आलो का वाढतं. बाहेर नसतं. तुमचा कोट बघून वाढतं."

डॉक्टर हसले नाहीत. असं होतं काही जणांचं, म्हणाले. ठाण्यात त्यांच्याकडे एक नवीन मशीन आलं होतं. दंडाला पट्टा, कमरेला डबा, चोवीस तास अंगावर ठेवायचं. आपोआप फुगतं, मोजतं, आत साठवतं. दुसऱ्या दिवशी कागदावर सगळे आकडे छापून येतात. "आकडे बरे आले तर मी फिट लिहीन," डॉक्टर म्हणाले. "नाही आले तर बॉयलर सुटला. मग स्टोअरमध्ये बसायचं, रिटायर होईपर्यंत."

स्टोअर म्हणजे हातमोजे, साबण आणि पुसायचा कापूस वाटण्याची खोली. कुणाचा हात गेला, कुणाची कंबर गेली की त्याला तिथे बसवत. मामा त्या खोलीला 'भंगार' म्हणत.

ते गेल्यावर डॉक्टरांनी मला सांगितलं, "मुख्य बघायचं ते रात्रीचं. झोपेत प्रेशर उतरायला हवं. उतरलं तर माझी काळजी निम्मी होईल." मी मान हलवली. हे मला नीट आठवतं, म्हणूनच सांगतेय.

पट्टा बांधला तो दिवस गुरुवार. पहिली पाळी करून मामा तीन वाजता आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली होती. माझी बस सव्वातीनला. डबा एखाद्या जाड पुस्तकाएवढा होता. मामांनी हातात घेऊन उलटासुलटा केला, काचेवर टिचकी मारली.

"काटा नाय?"

"नाही. आकडे दिसतात."

"आकडे काय, कायपन दाखवतील. काटा फिरताना दिसायला पायजे."

मी पट्टा डाव्या दंडावर बांधला, नळी शर्टाच्या आतून घेतली, डबा त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवला. एकदा चालवून बघितलं. घर्र आवाज करत पट्टा फुगायला लागला, तसे मामा ताडकन उभे राहिले.

"बसा, बसा. हात सैल सोडायचा आणि गप्प राहायचं, एवढंच. आंघोळ नाही उद्यापर्यंत. बाकी रोजच्यासारखं वागा. आणि हा कागद. पट्टा फुगला की त्या वेळी काय करत होता ते लिहायचं. दिवसा दर अर्ध्या तासाने फुगेल, रात्री दर तासाने."

"दर तासाला?"

"हो."

मामांचा चेहरा एकदम बदलला. आतापर्यंत आरोपीसारखे बसले होते, ते कामावर रुजू झाल्यासारखे दिसायला लागले.

"सही करायची पुढं?"

"करा. पण एकही सोडू नका हं, मामा."

बाहेर बसने हॉर्न दिला. मी पर्स उचलली आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी ते तीनला पाच कमी असताना आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी मशीन सोडवलं. दंडावर पट्ट्याचा वळ उठला होता. मी दिलेला छापील कागद त्यांनी वापरलाच नव्हता. बॉयलरच्या लॉगशीटसारखा मोठा कागद आखून आणला होता, पट्टीने मारलेल्या रेघा, वेळ, काम, शेरा, सही. मी म्हटलं, "वा, मामा!" आणि तो कागद टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. वाचला नाही. डॉक्टर दुपारी येऊन गेले होते आणि मशीन न्यायला त्यांचा माणूस स्कूटर घेऊन उभा होता, तो घाई करत होता. आदल्या रात्री सासूबाईंना पुन्हा धाप होती. मशीन त्याच्या हाती दिलं. कागद बरोबर द्यायचा होता, तो राहिला. असं काही मुद्दाम झालं नाही. थकलेल्या माणसाच्या हातून जसं राहतं तसं राहिलं.

मंगळवारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मलाच वाचून दाखवला. दिवसाचे आकडे जास्तच होते, पण ते एक वेळ चाललं असतं म्हणाले. रात्रीचे आकडे दिवसाइतकेच. कुठेही उतरलेले नाहीत. "हे बरं नाही," म्हणाले. "झोपेतही हे शरीर आराम करत नाही." आणि त्यांनी कागदावर अनफिट लिहिलं.

मामांना मी बोलावून सांगितलं. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला. छापलेल्या आकड्यांवर बोटाच्या पेराने दोनदा टिचकी मारली. कागदाला टिचकी मारून काय होणार, पण मारली.

"गेज बोललं ते बोललं," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत वळले. "माजा कागद बघितला ना डॉक्टरांनी?"

"हो," मी म्हटलं.

मी विचारसुद्धा केला नाही. कुणी काही विचारलं की हो म्हणून मोकळं व्हायचं, एवढीच तेव्हा माझ्यात ताकद उरली होती. मामांनी मान हलवली आणि गेले. पुढच्या सोमवारपासून ते स्टोअरमध्ये बसायला लागले.

तीन आठवड्यांनी मी ड्रॉवर साफ करत होते. बँडेजच्या रिकाम्या पुड्यांखाली तो कागद सापडला. उभ्या उभ्या वाचायला लागले.

'३.३० - कंपनीच्या गेटबाहेर. पट्टा फुगला, थांबलो. सायकलवाला ओरडला.' सही. '४.०० - घरी. चहा. म्हातारी विचारते हे काय.' सही. '७.०० - भाकरी, वांगं. मीठ नाही. चव नाही.' '९.३० - बाहेर ओट्यावर. पोरं बघायला आली.' '११.०० - म्हातारी झोपली.' पुढे दर तासाचा रकाना. '१२.०० - जागा. सर्व ठीक.' '१.०० - जागा. पाणी प्यालो.' '२.०० - जागा. म्हातारी उठली, झोपा म्हणते. तिला समजावलं.' '३.०० - जागा. उभा राहिलो, बसलं की डोळा लागतो.' '४.०० - जागा. सर्व ठीक.' '५.०० - जागा. कोंबडा.' प्रत्येक ओळीपुढे सही. एकही रकाना रिकामा नव्हता.

मी खाटेवर बसले. रात्री लिहायचं नाही, झोपायचं, मशीन आपलं आपण बघून घेईल, एवढं एक वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं. दर तासाला लिहा, एकही सोडू नका, असं सांगितलं होतं. तेही कुणाला? अख्ख्या ठाणे जिल्ह्यात ज्या एका माणसाला ते सांगायला नको होतं त्याला. आणि बरं, त्यांनी खरं काय ते लिहून दिलं होतं. डॉक्टरांनी हा कागद एकदा बघितला असता तर दोन मिनिटांत सगळा उलगडा झाला असता. तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता, आणि मी त्यांना तोंडावर हो म्हणाले होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरमध्ये गेले. मामा एकटेच होते. खुर्चीत बसले होते. मी त्यांना ड्यूटीवर असं बसलेलं पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे क्षणभर ओळखलंच नाही. समोर हातमोज्यांच्या जोड्या बांधून ठेवलेल्या.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. कागद दिलाच नव्हता ते सांगितलं, हो म्हणाले ते खोटं होतं तेही सांगितलं. "शुक्रवारी डॉक्टर येतील, मामा. मी त्यांना हे दाखवते. ते पुन्हा मशीन लावतील. चूक माझी होती असं मी लिहून देते. ह्या वेळी फक्त रात्री झोपायचं. आकडा उतरेल, आणि तुम्ही परत बॉयलरवर."

मामांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, स्वतःच्या सह्यांवरून बोट फिरवत. रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सिस्टर, दार लोटा जरा."

मी दार लोटलं.

"तीन हप्ते झाले," ते म्हणाले. "रातच्याला नवाला पडतो तो पाचाला उठतो. पयल्या दिवशी म्हातारी घाबरली. नाकाशी हात धरून बघत व्हती, श्वास चालतोय का. मंग शेजारणीला पन बोलावून आणलंन."

मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

"तुमाला वाटतं त्या एका रातीला मी जागा होतो? सुट्टीचा दिवस असला तरी पन दर तासाला जाग यायची. घड्याळ बघायचं, पडायचं, परत जाग. अठ्ठावीस वर्सं. कुनाला बोललो नाय. बोलायचं काय त्यात? काम हाय म्हटलं. पन आतून पार खलास झालो होतो. उभा राहायचो ते खुर्चीची भीती वाटायची म्हनून. एकदा बसलो असतो तर उठलो नसतो."

"म्हणजे मामा..."

"आता मशीन लावलंत तर आकडा उतरलेला येनार. येनारच. झोप मिळते ना आता." त्यांनी कागदाची घडी घातली. एक, मग दुसरी. "मंग मला परत पाठवतील."

मी विचारलं, "पण तिकडे आता बघतंय कोण?"

"असंल कोन तरी."

हे मामा म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. घडी घातलेला कागद माझ्या बाजूला सरकवला.

"हा कागद तुमाला गावलाच नाय असं धरा, बाय."

मला ते बाय कधी म्हणत नसत, सिस्टरच म्हणत. मी कागद उचलला. त्यांना काहीतरी बरं बोलावं, की तुम्ही चूक करताय असं सांगावं, हे मला ठरवता येईना. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यांचा हेवा वाटत होता. मलाही कुणी असं एका सहीत अनफिट लिहून दिलं असतं तर मी घरी जाऊन झोपले असते, आणि उठवायला येणाऱ्याला दार उघडलं नसतं.

शुक्रवारी डॉक्टर आले, पेशंट तपासले, जाताना विचारलं, "काही विशेष?" मी नाही म्हटलं.

मामा अजून तीन वर्षं स्टोअरमध्ये होते. दर महिन्याला प्रेशरच्या गोळ्या न्यायला ते माझ्याकडे येत, दारातूनच हात पुढे करत, आणि मी गोळ्या मोजून पुडी त्यांच्या हातावर ठेवी. बी.पी. बघू या का, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही. त्यांनीही बाही वर केली नाही.